‘अ‍ॅग लॅब’ म्हणजे प्रयोगशाळा नाही हो!

तुमचा प्रश्न असा की १८४१ च्या जनगणनेत इंग्लंडमधल्या बेडफर्डशायरच्या एका गावात निम्म्या पुरुषांपुढे ‘अ‍ॅग लॅब’ लिहिलंय ते काय, आणि बायकांपुढे धंद्याचा रकाना कोरा का.

अ‍ॅग लॅब म्हणजे अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर, साधा शेतमजूर. नोंद करणाऱ्यांना असं तोडून लिहायची सूचनाच होती. पण त्यात सगळेच एका मोळीत बांधले गेले, घोडे जुंपून नांगरणारा, मेंढरं राखणारा, कुंपणं छाटणारा, चर खणणारा. घोड्यांवरचे गडी नि मेंढपाळ बरेचदा वर्षाच्या बोलीवर, बाकीचे रोजावर, पाऊस लागला की रोज बुडाला. आणि तिथला ‘फार्मर’ म्हणजे मजूर नव्हे हां, तो बहुतेकदा जमीनदाराची जमीन खंडाने घेऊन हे मजूर लावणारा.

थंडीतलं मोठं काम म्हणजे खळ्यातली मळणी, हाताने झोडपून, ते कित्येक आठवडे पुरायचं. मळणीयंत्र आलं आणि नेमकं तेच गेलं, म्हणून १८३० मध्ये केंटपासून सुरुवात होऊन दक्षिणेत मजुरांनी यंत्रं फोडली, ‘कॅप्टन स्विंग’ या काल्पनिक पुढाऱ्याच्या नावाने धमकीची पत्रं पाठवली. डॉर्सेटच्या टॉलपडलला आठवड्याची मजुरी ९ शिलिंगवरून ७ वर आली, पुढे ६ होणार म्हटल्यावर गड्यांनी संघटना बांधली, तर १८३४ ला सहा जणांना ७ वर्षं हद्दपारी, तीपण ऑस्ट्रेलियाला! त्याच वर्षीच्या गरिबांच्या मदतीच्या नव्या कायद्याने धडधाकट माणसाला मदत हवी तर वर्कहाऊस, म्हणजे काम करून घेऊन गरिबांना ठेवायची सरकारी जागा, आणि तिथे नवरा-बायको वेगळे ठेवायचे.

आता बायका. रकाना कोरा म्हणजे काम नाही असं अजिबात समजू नका, माझा तर या रकान्यावर रागच आहे. तुमच्या बेडफर्डशायरमध्ये बायका-पोरं गव्हाच्या काड्यांच्या वेण्या विणायची, त्या ल्युटन-डन्स्टेबलच्या टोप्यांच्या धंद्यात जायच्या, पोरांच्या वेणी-शाळासुद्धा होत्या (अक्षरओळख थोडी, विणकाम जास्त). सुगी झाली की सगळ्या सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेल्या लोंब्या, वेचायला, काही गावांत तर चर्चची घंटा वाजल्याशिवाय शेतात शिरायचं नाही असा दंडक, म्हणजे कुणी आधी जाऊन लोंब्या पळवू नयेत. १७८८ मध्ये कोर्टाने सरवा हा हक्क नाही म्हटलं होतं, पण बायकांनी वेचणं काही सोडलं नाही.

आणि हो, १८४१ ला १५ च्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती, म्हणजे ३० दिसतंय तो ३४ चाही असेल. १८५१ ची नोंद काढा, त्यात नातं नि जन्मगाव असतं, आणि बायकांपुढे ‘स्ट्रॉ प्लेटर’ (काड्यांच्या वेण्या विणणारी) दिसायची शक्यता बरीच.