सीडी सर्व्हरवर चढवताना

सीडी आत घातली की ती हार्ड डिस्कवर उतरवून घेणाऱ्या म्युझिक सर्व्हरबद्दल बरीच पत्रं साचली आहेत. बहुतेकांना उपयोगी पडतील असे प्रश्न आज घेतो. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न: मुलाने म्युझिक सर्व्हर आणून दिला. बहुतेक सीडी आठ-दहा मिनिटांत उतरतात. ख्यालाच्या एका सीडीला मात्र तास-दीड तास लागतो. शेवटच्या ट्रॅकवर गाडी अडते आणि उतरल्यावर द्रुतात टिकटिक ऐकू येते. तीच सीडी जुन्या प्लेयरवर सुरळीत वाजते. दुकानदार म्हणतो, सर्व्हर बदलून घ्या. काय करू? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर: गुरुजी, सर्व्हर परत करायची घाई करू नका. दोष बहुधा सीडीत आहे, आणि तो निघण्यासारखा असू शकतो.

प्लेयर आणि सर्व्हर एकच सीडी दोन वेगळ्या हेतूंनी वाचतात. प्लेयरला गाणं थांबू द्यायचं नसतं. सीडीवर दर सेकंदाला प्रत्येक चॅनेलचे ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापं, असतात. त्यातले काही वाचता आले नाहीत, तर सीडीवरच दिलेल्या जादा माहितीतून प्लेयर ते दुरुस्त करतो. तेही जमलं नाही, तर मागच्या-पुढच्या नमुन्यांवरून अंदाजाने जागा भरतो आणि कानाला पत्ता लागत नाही. सर्व्हरला असा अंदाज नको असतो. न वाचलेला तुकडा तो पुन्हा पुन्हा वाचत बसतो, त्यात तास जातो. शेवटी हार मानली की जे हाती लागलं ते लिहून ठेवतो. ती तुमची टिकटिक.

शेवटच्याच ट्रॅकवर अडतंय, ही चांगली खूण आहे. सीडी आतून बाहेर वाचली जाते. म्हणजे शेवटचा ट्रॅक बाहेरच्या कडेला येतो, आणि आपली बोटं लागतात ती तिथेच. सीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून कडेजवळचा पट्टा बघा. बोटांचे ठसे असतील तर चष्म्याचं मऊ फडकं घ्या आणि मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून कधीच पुसू नका. माहिती गोल गोल फिरणाऱ्या रेषेत लिहिलेली असते. त्या रेषेच्या दिशेने चरा गेला की लागोपाठची माहिती जाते, आणि दुरुस्तीची सोय साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचाच सलग खंड पूर्ण भरून काढू शकते. आडवा चरा प्रत्येक फेरीतला कणभरच भाग खातो, तो सहज भरून निघतो. तेलकटपणा जात नसेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा, स्वच्छ पाण्याने खळबळा, टिपून कोरडी करा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, प्लास्टिक कायमचं पांढुरकं होतं.

आता सीडी उलटी करून उजेडासमोर धरा. खालचं पारदर्शक प्लास्टिक १.२ मिलिमीटर जाड असतं, त्यावरचे चरे पॉलिश करून घालवता येतात. माहिती धरून ठेवणारा चकचकीत थर मात्र छापील बाजूला असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप आणि शाई. त्या बाजूने उजेडाचे बारीक ठिपके आरपार दिसले, तर तिथला थर गेला. त्याला इलाज नाही. म्हणून छापील बाजूवर बॉलपेनने नाव घालू नका, किमतीचं स्टिकर नखाने खरवडू नका.

पुसल्यावर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये सीडी उतरवण्याची पद्धत बघा. ‘फास्ट’ असेल तर ‘सिक्युअर’ किंवा ‘ॲक्युरेट’ करा, वेग कमी करा. असा पर्यायच नसेल तर ती एक सीडी संगणकावर उतरवा. विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे प्रोग्राम घरगुती वापराला फुकट आहे. त्यात ‘टेस्ट अँड कॉपी’ निवडलंत की प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वाचनांचे आकडे शेजारी दिसतात. जुळले तर निश्चिंत व्हा. नाही जुळले, तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा मुकाट्याने वाचतो, हे नेहमीचं आहे. ‘ॲक्युरेटरिप’ नावाची सोयही आहे. आपली प्रत जगभरातल्या इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या प्रतींशी ती ताडून बघते. परदेशी सीडींना तिचा मोठा आधार आहे. छोट्या मराठी कंपन्यांच्या सीडी तिथे बरेचदा सापडत नाहीत, मग दोन वाचनांची तुलना हाच भरवसा.

एका सीडीसाठी एवढा खटाटोप करा, असं मी आग्रहाने सांगतो आहे. ख्याल, नाट्यसंगीत, भावगीतं काढणाऱ्या कित्येक छोट्या कंपन्यांच्या सीडी आज बाजारात मिळत नाहीत. आज घाईत उतरवलेली टिकटिक तुमच्या नातवंडांनाही तशीच ऐकावी लागेल.

प्रश्न: सर्व्हर गाण्यांची नावं आणत नाही, नुसतं ‘ट्रॅक १, ट्रॅक २’ येतं. रागदारीच्या एका सीडीला तर भलत्याच परदेशी अल्बमचं नाव लागलं. भीमसेनजी यादीत तीन ठिकाणी दिसतात. मी हाताने देवनागरीत नावं घालते, पण अभंगांच्या एका सीडीचा पाचवा ट्रॅक दर वेळी ‘एरर’ देऊन गळतो. सीडी अगदी नवी आहे. (वाचक, डोंबिवली)

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात चार वेगळे आजार आहेत, आणि चौथा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

गाण्यांची नावं ऑडिओ सीडीवर सहसा नसतातच. सर्व्हर ट्रॅक किती आणि प्रत्येक कुठे सुरू होतो एवढं बघतो, त्यावरून एक क्रमांक बनवतो आणि इंटरनेटवरच्या सूचीला विचारतो. रागदारीच्या सीडीवर दोन-तीनच ट्रॅक असतात, त्यामुळे तिचा क्रमांक दुसऱ्याच अल्बमशी जुळण्याची शक्यता वाढते. नावं अजिबात येत नसतील तर सर्व्हर किती जुना आहे ते बघा. अनेक जुनी यंत्रं ‘फ्रीडीबी’ या सूचीवर अवलंबून होती आणि ती २०२० मध्ये बंद झाली. कंपनीचं नवं फर्मवेअर (यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर) असेल तर चढवा. नसेल तर संगणकावर ‘म्युझिकब्रेन्झ’ या सूचीवरून नावं आणणाऱ्या ‘पिकार्ड’ या प्रोग्रामने नावं लावा. तिथे तुमची सीडी नसेल तर खातं उघडून ती नोंदवा, पुढच्या माणसाला आयती मिळेल. मराठी संगीताची नोंद मराठी माणसांनी केली नाही, तर कोण करणार?

भीमसेनजी तीन ठिकाणी दिसतात, कारण कुठे ‘पं.’ आहे, कुठे ‘पंडित’, कुठे नुसतं नाव. सर्व्हरच्या लेखी ही तीन माणसं. एकच रूप ठरवा. माझा सल्ला, उपाध्या कलाकाराच्या रकान्यात नकोत. रागाचं नाव शीर्षकाच्या सुरुवातीला घ्या, ‘यमन, विलंबित एकताल’ असं, म्हणजे शोधताना सगळे यमन एकत्र येतात. निरनिराळ्या गायकांची भावगीतं एकाच सीडीवर असतील तर ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना भरायलाच हवा. तो रिकामा राहिला की एका सीडीचे डझनभर अल्बम होतात. गीतरामायणासारखा ५६ गीतांचा, अनेक सीडींचा संच असेल तर ‘डिस्क नंबर’ही घाला. नाहीतर प्रत्येक सीडीतलं पहिलं गीत आधी, मग प्रत्येकीतलं दुसरं, असा क्रम लागतो आणि कथा विस्कटते.

आता पाचवा ट्रॅक. तुम्ही त्याचं नाव लिहून पाठवलंत ते फार बरं झालं. अभंगाची पूर्ण पहिली ओळ, संताचं नाव, गायकाचं, संगीतकाराचं, रागाचं आणि वर ‘थेट मैफल’. सीडी निर्दोष आहे, नाव लांब झालंय. अशा सर्व्हरच्या पोटात सहसा लिनक्स असतं आणि तिथे फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, पाय मोडायचं चिन्ह, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘ज्ञानेश्वर’ आपल्या डोळ्यांना चार अक्षरी दिसतं, पण यंत्राला त्यात दहा चिन्हं दिसतात, म्हणजे ३० बाइट. एकूण ८५ चिन्हांत मर्यादा संपते. सेटिंगमध्ये फाइलचं नाव ट्रॅक क्रमांक आणि छोटं शीर्षक इतकंच ठेवा. बाकीची माहिती टॅगच्या, म्हणजे फाइलच्या आतल्या माहितीच्या, रकान्यांत घाला, तिथे ही मर्यादा नाही. देवनागरी मात्र सोडू नका. फ्लॅक (आवाजाला धक्का न लावता जागा वाचवणारा प्रकार) फाइलच्या टॅगमध्ये ती व्यवस्थित राहते. सर्व्हरच्या छोट्या पडद्यावर नुसते चौकोन दिसले तर त्या पडद्यात देवनागरी फॉन्ट नाही, एवढाच अर्थ. फोनवर तीच नावं नीट दिसतील.

प्रश्न: विलंबित संपून द्रुत सुरू होताना क्षणभर आवाज तुटतो. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: तुम्ही एमपीथ्रीत उतरवलं असणार. त्या पद्धतीत ट्रॅकच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते. पुन्हा फ्लॅकमध्ये उतरवा, सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ (दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणं) चालू आणि ‘क्रॉसफेड’ (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) बंद ठेवा. जागेची चिंता नको. ७० मिनिटांच्या सीडीवर सुमारे ७०० एमबी माहिती असते, फ्लॅकमध्ये ती बहुधा निम्म्या ते दोन तृतीयांश जागेत मावते. एक टीबीच्या डिस्कवर दोन हजार सीडी आरामात बसतील.

प्रश्न: वडिलांकडच्या जुन्या मराठी नाटकांच्या डिस्क सर्व्हर घेतच नाही, बाहेर फेकतो. मला फक्त आवाज हवा आहे. (वाचक, चिपळूण)

उत्तर: डिस्कवर ‘व्हीसीडी’ लिहिलेलं आहे का बघा. आपल्याकडे नाटकं मोठ्या प्रमाणावर व्हीसीडीवरच विकली गेली. दिसायला ती सीडीसारखीच, पण आत चित्रफीत असते आणि सर्व्हरला हवे असतात ऑडिओ ट्रॅक. संगणकात घालून ‘एमपीईजीएव्ही’ हा फोल्डर उघडा, त्यातल्या डॅट फाइल कॉपी करा आणि ‘एफएफएमपेग’ या प्रोग्रामने आवाजाची पट्टी आहे तशी वेगळी काढा. पुन्हा एमपीथ्रीत दाबू नका, मूळ आवाज आधीच २२४ केबीपीएसवर दाबलेला असतो. व्हीसीडीवर साध्या डेटा सीडीइतकं दुरुस्तीचं संरक्षण नसतं, त्यामुळे छोट्या चऱ्यानेही कॉपी थांबते. आधी पुसा. कोकणातल्या दमटपणाने आलेली बुरशी बहुतेक वेळा वरवरची असते, साबणाच्या पाण्याने जाते.

पन्नास-शंभर गाण्यांच्या ‘एमपीथ्री सीडी’चंही असंच. ती उतरवायची नसते, फाइल नुसत्या कॉपी करायच्या.

प्रश्न: वीज गेली की सर्व्हर संगणकावरून गायब होतो. शिवाय यूएसबी सीडी ड्राइव्ह जोडला की टकटक करून बंद पडतो. सर्व्हर रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर घरीच बनवला आहे. (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: वीज आल्यावर राउटर सर्व्हरला नेटवर्कवरचा नवा पत्ता देतो आणि संगणक जुन्या पत्त्यावर शोधत राहतो. राउटरमध्ये जाऊन सर्व्हरचा पत्ता राखून ठेव. (तयार सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी: यंत्र जुनं आणि विंडोज नवं असेल तर कारण वेगळं असू शकतं. २०१७ च्या अखेरीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये फाइल वाटपाची जुनी एसएमबी-१ पद्धत नसते. आधी सर्व्हरचं फर्मवेअर बदलून बघा.) टकटक ही विजेची उपासमार आहे. पाय ४ चे सगळे यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. सीडी ड्राइव्ह गती घेताना एकटाच जवळपास तेवढं मागतो, त्यात तुझी हार्ड डिस्कही तिथेच लावलेली. स्वतंत्र ॲडाप्टर असलेला यूएसबी हब घे. आणि छोटा यूपीएसही घे, लिहिणं चालू असताना वीज गेली तर मेमरी कार्ड खराब होतं.

प्रश्न: सगळं उतरवून झालं. आता सीडी देऊन टाकाव्यात का? (वाचक, पुणे)

उत्तर: नको. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वैयक्तिक वापरासाठी रास्त उपयोगाची मुभा देतं. मूळ सीडी विकून प्रत ठेवली तर तो आधार उरतो, असं मी मानत नाही. दुसरं, हार्ड डिस्क एक दिवस जातेच. दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत करा, ती नातेवाइकांकडे ठेवा आणि सहा महिन्यांनी जोडून दोन-चार गाणी वाजवून बघा. सर्व्हरमध्ये दोन डिस्क जोडीने चालत असल्या तरी हे कराच. चुकून पुसलेलं गाणं त्या दोन्ही डिस्कवरून एकदम जातं.

आणि सीडी कपाटात ठेवण्यापूर्वी आतल्या पुस्तिकेचे फोनने फोटो काढा. तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, तानपुऱ्याला कोण बसलं होतं, ध्वनिमुद्रण कुठे झालं, हे बहुतेक वेळा तिथेच छापलेलं असतं, इंटरनेटवर मिळत नाही. फोटो त्याच अल्बमच्या फोल्डरमध्ये टाका आणि साथीदारांची नावं टॅगमध्ये लिहून घ्या.