स्ट्रेन गेज : ताणमापी की विकृतिमापी?

प्रश्न बडोद्यातल्याच एका वाचक ताईंचा आहे. त्यांचा मुलगा मकरपुऱ्याला वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनचे काम बघतो. नव्याने लागलेल्या मराठी मुलांसाठी तो एक टिपण लिहितो आहे आणि त्यात स्ट्रेन गेजला त्याने 'ताणमापी' म्हटले. घरातल्या आजोबांनी ते खोडून 'विकृतिमापी' केले. मुलाचे म्हणणे, विकृती हा शब्द वाचून पोरे हसतील. ताई विचारतात, दोघांत बरोबर कोण? शिवाय, रिकाम्या डब्याचे वजन वजा करणाऱ्या काट्यावरच्या 'टेअर' बटणाला मराठी शब्द आहे का?

ताई, आजोबा बरोबर आहेत. मुलाची अडचण मात्र खरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझी ३० वर्षे याच धंद्यात गेली, आणि या एका शब्दामुळे झालेले नुकसान मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. आजच्या औद्योगिक काट्याच्या पोटात लोडसेल असतो. लोडसेल म्हणजे नीट आकार दिलेला धातूचा ठोकळा, लहान काट्यात बहुधा ॲल्युमिनियमचा, मोठ्यात पोलादाचा. त्याच्यावर वजन आले की तो किंचित वाकतो आणि वजन काढले की पूर्ववत होतो. त्याच्या अंगावर नागमोडी धातूपट्टीचे चार बारीक गेज चिकटवलेले असतात. ठोकळा ताणला गेला की त्या जागेवरचे गेज लांबते आणि त्याचा विद्युतरोध वाढतो. दबला गेला की गेज आखडते आणि रोध कमी होतो. तारेचा रोध ओढल्याने बदलतो हे लॉर्ड केल्विन यांनी १८५६ मध्येच दाखवले होते. त्यावरून हाताशी धरता येईल असे गेज मात्र १९३८ मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, तयार केले.

आता 'ताण' कुठे अडतो ते बघा. मराठीत ताण म्हणजे ओढ. दोरीतला ताण, तारेतला ताण, पाण्याचा पृष्ठताण, सगळीकडे ओढच. पण लोडसेलच्या चार गेजांपैकी दोन ताणल्या जागी आणि दोन दबल्या जागी लावायची असतात. त्यांची चौकोनी विद्युत जोडणी, म्हणजे व्हीटस्टन ब्रिज, या दोन जोड्यांमधल्या विरुद्ध बदलावरच चालतो. आमच्याकडे एकदा एका नव्या मुलाने मराठी टिपणात 'ताणमापी ताणाच्या बाजूला चिकटवा' असे वाचले आणि चारही गेज तुळईसारख्या ठोकळ्याच्या वरच्या अंगावर शेजारी शेजारी चिकटवले. चिकटवण्याचे काम इतके सुबक की बघत राहावे. पण चारही गेजांचा रोध सारखाच वाढला, ब्रिज समतोलच राहिला आणि वजन ठेवल्यावर इंडिकेटर जागचा जेमतेम हलला. मुलाचा हात उत्तम होता. चूक त्याला दिलेल्या शब्दाची होती, आणि मला ती आजही लागते.

म्हणून पाठ्यपुस्तकांनी केलेली वाटणी मला पटते: स्ट्रेस म्हणजे प्रतिबल, स्ट्रेन म्हणजे विकृती, टेन्शन म्हणजे ताण. आकार मुळापासून किती हलला ते विकृती सांगते. हलणे ओढल्याने असो की दाबल्याने, शब्द दोन्हींना पुरतो.

राहिला हसण्याचा प्रश्न. बोलण्यात 'विकृत' म्हणजे घाणेरडे, रोगट असे झाले आहे खरे. पण या शब्दाचे जुने घर फार स्वच्छ आहे. वेदपठणात जटा, घन वगैरे पाठांना अष्टविकृती म्हणतात, आणि मूळ पाठातला एक स्वरही ढळू नये म्हणूनच त्या बांधल्या आहेत. बडोद्यातल्या मुलाला तर मी याहून जवळचे उदाहरण देईन. सयाजीरावांनी १८८६ मध्ये गवई मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, त्या गावात पेटी शिकलेला कोणीतरी घरोघरी सापडतो. त्याला विचारा, विकृत स्वर कोणते? तो सांगेल: रे, ग, ध, नी कोमल आणि म तीव्र. शुद्ध जागेवरून खाली सरकला तो कोमल, वर सरकला तो तीव्र, आणि दोघेही विकृत. त्यात निंदा कसलीच नाही, फक्त जागा बदलल्याची नोंद आहे. गेज नेमके हेच करते. दबले की कोमल, ताणले की तीव्र, आणि ओझे उतरले की शुद्धावर परत. पहिल्याच दिवशी हे पेटीवर वाजवून दाखवले तर कोणी हसणार नाही आणि चार गेज एका बाजूला कोणी चिकटवणार नाही.

या विकृतीचे माप किती सूक्ष्म असते तेही टिपणात यावे, कारण त्याशिवाय शब्दाला वजन येत नाही. पूर्ण क्षमतेच्या ओझ्याखाली विकृती साधारण हजारात एक भाग धरतात. म्हणजे ३ मिलिमीटर लांबीचे गेज ३ मायक्रॉनने लांबते किंवा आखडते. रोध विकृतीच्या साधारण दुप्पट प्रमाणात बदलतो, म्हणून तो ३५० ओहम असेल तर फरक पडतो ०.७ ओहमचा. ब्रिजला १० व्होल्ट दिले तर हाती येतात २० मिलिव्होल्ट, आणि काट्याचे ३००० भाग पाडले तर एका भागाच्या वाट्याला ७ मायक्रोव्होल्टही येत नाहीत. म्हणून डिंकाचा थर, ओल, तारेची लांबी, सगळ्यांची इतकी काळजी घ्यावी लागते.

शुद्धलेखनाची एक गोष्ट. सुटा शब्द 'विकृती' दीर्घ, पण समासात 'विकृतिमापी' ऱ्हस्व. कृती आणि कृतिशील, तसेच हे. आजोबांनी ते बरोबर लिहिले आहे.

'गेज'ला मात्र मी हात लावणार नाही. बडोद्याला हा शब्द परका नाही. डभोईच्या नॅरोगेज गाडीने तो इथल्या आजी-आजोबांच्या तोंडी बसवला, पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात ती वेगळीच. टिपणात पहिल्यांदा 'स्ट्रेन गेज म्हणजे विकृतिमापी' असे लिहावे आणि पुढे नुसते गेज म्हणावे. लोडसेलही लोडसेलच राहू द्या. 'भारपेशी' वाचून पोराला जीवशास्त्राचा तास आठवेल. विकृती आणि प्रतिबल हे शब्द शेजारच्या टेबलावरच्या गुजराती मुलालाही शाळेतून ठाऊक आहेत, हा मोठा फायदा. १८९० मध्ये बडोद्याची तंत्रशाळा कलाभवन सुरू झाली ती यंत्रविद्या देशी भाषेत शिकवायची याच हट्टाने. मराठी आणि गुजराती दोघांना चालेल असा शब्द आधी शोधायचा, ही इथली रीत आहे आणि ती मला फार प्रिय आहे.

आता टेअर. इथे मराठीकडे एक नाही, दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. तेल-तूप मोजताना दुकानदार आधी रिकामा डबा पारड्यात ठेवून दुसरीकडे तेवढेच वजन टाकायचा. त्याला धडा करणे म्हणतात. गुजरातीत तोच धडो. टेअर बटण दाबून आपण डब्याचे वजन वजा करतो, तो हा धडा.

पासंग वेगळा. दोन्ही पारडी रिकामी असूनही तराजू एका बाजूला झुकत असेल, तर हलक्या बाजूला जो दगड बांधतात तो पासंग. 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' म्हणतो तो हाच. लोडसेलमध्येही चार गेजांचे रोध तंतोतंत सारखे कधीच नसतात, म्हणून ओझे नसतानाही ब्रिज थोडा झुकलेला असतो, आणि कारखान्यात त्याच्या एका भुजेत किंचित रोध जोडून तो सरळ करतात. त्या जोडलेल्या रोधाला मी टिपणात बेधडक पासंग लिहीन. मुलाला सांगा, धडा काटा वापरणारा करतो, पासंग कारखाना करतो. हा भेद कळलेला मुलगा शून्याची तक्रार आली की टेअरचे बटण दाबून ती झाकणार नाही, झाकण उघडून ब्रिज तपासेल.