'बळाचा वापर करावा लागला' यातला 'लागला' कशाला?

प्रश्न असा आलाय की "तुरुंगात दोन टोळ्यांत राडा, कर्मचाऱ्यांना सौम्य बळाचा वापर करावा लागला" हे बातमीतलं वाक्य मराठी म्हणून बरोबर आहे का. व्याकरणात चूक काहीच नाही, पण मला त्यातला 'लागला' खुपतो.

'वापर केला' म्हटलं की काय झालं तेवढंच कळतं, योग्य की अयोग्य ते नंतर ठरेल. 'करावा लागला' म्हटलं की दुसरा इलाजच नव्हता हेही सांगून झालं, म्हणजे जे चौकशीत ठरायचं ते क्रियापदानेच ठरवून टाकलं! अधिकाऱ्याने आपल्या रिपोर्टात तसं लिहिलं तर ती त्याची बाजू, पण वार्ताहराने अवतरणचिन्ह न देता तेच उचललं की ती बातमीची बाजू होते.

आणि 'सौम्य'. सोम म्हणजे चंद्र, त्यावरून सौम्य, म्हणजे शीतल, शांत. सौम्य ताप, सौम्य रंग ठीक आहे, पण लाठी सौम्य होती की नाही हे ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याला विचारल्याशिवाय कसं लिहायचं?

भायखळ्याच्या महिला तुरुंगाचं बघा. जून २०१७ मध्ये तिथे शिक्षा भोगत असलेल्या एका बाईचा मृत्यू झाला. दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले यावरून तिला मारहाण झाली असा आरोप होता, एक तुरुंग अधिकारी आणि पाच शिपाई अशा सहा जणींवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. तिच्या मृत्यूची बातमी कळल्यावर कैदी बायका भडकल्या, छतावर चढल्या, तर दोनशेहून जास्त जणींवर दंगलीचा गुन्हा. कैद्यांनी हात उचलला की 'दंगल', 'हैदोस', आणि वर्दीतल्या माणसाने उचलला की 'बळाचा वापर', ज्यात ना हात दिसतो ना काठी.

'करावा लागला' हा प्रयोग जिथे शोभला असता अशी जागा म्हणजे दिल्लीचा तिहार तुरुंग. २ मे २०२३ ला तिथे कैदेत असलेल्या टिल्लू ताजपुरिया या टोळीप्रमुखाला विरोधी गोगी टोळीच्या कैद्यांनी धारदार हत्यारांनी भोसकलं, आणि सीसीटीव्हीत दिसलं की त्याला उचलून नेताना पहाऱ्यावरच्या जवानांसमोर परत वार केले गेले. तिथे पहाऱ्याला असलेल्या तमिळनाडू विशेष पोलिसांचे सात जण निलंबित झाले. तिथे बळ वापरायलाच हवं होतं, ते वापरलं नाही. अशा वेळी मात्र 'वापरावं लागलं असतं पण वापरलं नाही' असं कुणी लिहिलेलं मला आठवत नाही.

मी ते वाक्य असं लिहीन: "दोन टोळ्यांत मारामारी झाली, कर्मचाऱ्यांनी लाठ्या मारल्या, अमुक कैदी जखमी झाले, याशिवाय उपाय नव्हता असं तुरुंग अधीक्षकांचं म्हणणं आहे." आठ-दहा शब्द जास्त जातात, जाऊ देत.