सरकारी ग्रँट : आधी खिसा तुमचा, मग सरकारचा

स्टार्टअप आणि राज्य सरकारचं अनुदान यावर यावेळी इतके प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्य नाही, सारखे सारखे एकत्र केलेत. थेट सुरू करू.

आम्ही तिघं मैत्रिणी मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर बनवतोय. कंपनी काढली की राज्य सरकार सुरुवातीला किती पैसे देतं? (नागपूरहून इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी)

सुरुवातीलाच हातात रोख रक्कम पडेल असं धरून चालू नका. महाराष्ट्रात हे सगळं महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी बघते, २०१८ ला स्टार्टअप धोरण आलं, २०२५ ला नवीन आलं, त्यात ५०० कोटींच्या महाफंडाची घोषणा झाली आणि तेव्हापासून लोकांना वाटायला लागलंय की अर्ज टाकला की चेक येतो. फंड म्हणजे ग्रँटच असं नसतं, कर्जही असू शकतं, तेव्हा जीआर वाचल्याशिवाय घरी पेढे वाटू नका. सोसायटीच्या ज्या योजना मी जवळून बघितल्यात त्या दोनच जातीच्या. एक, तुम्ही आधी खर्च करा, बिलं लावा, मग त्यातले काही टक्के परत. दोन, सरकारी खात्याची वर्क ऑर्डर. दोन्हीत आधी खिसा तुमचाच.

तुम्हाला प्रोटोटाइपसाठी, म्हणजे पहिल्या चालत्या नमुन्यासाठी पैसा हवाय, त्याला केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचं निधी-प्रयास अनुदान जास्त जवळचं, १० लाखांपर्यंत, इनक्युबेटरमार्फत (नव्या स्टार्टअपला हात देणारी संस्था) मिळतं. कर्नाटकातली एलिव्हेट योजना ५० लाखांपर्यंत देते हे खरंय, पण कंपनी तिथे रजिस्टर लागते, आणि नुसत्या ग्रँटसाठी राज्य बदलणं मला तरी पटत नाही, तुमचे शेतकरी तर विदर्भातलेच ना?

माझी प्रोप्रायटरशिप आहे, जीएसटी नंबरही आहे. चालेल का?

नाही चालणार. डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची स्टार्टअप मान्यता प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा रजिस्टर्ड पार्टनरशिप अशांना मिळते, प्रोप्रायटरशिपला नाही, आणि ती नसेल तर पुढची बहुतेक दारं बंदच. बरं, जुनाच धंदा फोडून नवीन कंपनी दाखवली तर तीही स्टार्टअपमध्ये धरत नाहीत.

पेटंटचा खर्च परत मिळतो असं ऐकलं. मी अर्ज माझ्या नावावर केला, पैसे माझ्या यूपीआयवरून गेले. आता?

इथे जरा सविस्तर सांगतो कारण पाच जणांनी हेच विचारलंय. राज्याच्या सोसायटीच्या पेटंट योजनेत खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत परत मिळतं, भारतातल्या पेटंटला कमाल २ लाख आणि परदेशातल्याला १० लाख. पण मदत स्टार्टअपला आहे, तुम्हाला नाही. अर्ज तुमच्या नावावर, वकिलाचं बिल तुमच्या नावावर, पैसे तुमच्या खात्यातून, मग कंपनीने खर्च केला हे फाईलमध्ये दिसणार कुठून? हक्क कंपनीकडे देता येतात, असाइनमेंट डीड करून पेटंट ऑफिसात नोंद करा आणि इथून पुढचं प्रत्येक बिल कंपनीच्या नावावर, कंपनीच्या खात्यातूनच भरा. मागचं बिल गेलं असं समजून चला, मिळालं तर बोनस.

आणि गंमत अशी की ऑनलाइन फायलिंगची सरकारी फी व्यक्तीला आणि स्टार्टअपला सारखीच, १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,०००. म्हणजे स्वतःच्या नावावर टाकून तुम्ही वाचवलं काहीच नाही. खरा पैसा जातो ड्राफ्टिंगला, म्हणजे वकिलाकडून अर्ज लिहून घ्यायला.

अजून एक, हे कोणी विचारलं नाही तरी सांगतो. पिच स्पर्धेत (जिथे परीक्षकांसमोर आपली कल्पना मांडायची असते) स्टेजवर सगळं उघडून दाखवायच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाका. एकदा जाहीर झालं की नावीन्य गेलं म्हणून पेटंट अडू शकतं. प्रोव्हिजनल नंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात.

स्टार्टअप वीकमध्ये जिंकलं की १५ लाख मिळतात ना? (नाशिक)

मिळतात, पण बक्षीस म्हणून नाही. सोसायटीच्या या स्पर्धेत आधीच्या वर्षांत निवडलेल्या साधारण शंभर स्टार्टअपनी पिच केलं, त्यातल्या २४ जिंकल्या आणि त्यांना १५ लाखांपर्यंतची वर्क ऑर्डर मिळाली, म्हणजे एखाद्या सरकारी खात्यात तुमचं प्रॉडक्ट प्रत्यक्ष लावून दाखवायचं. ही विक्री झाली, तिथे इनव्हॉइस काढावं लागतं, जीएसटीचा विचार करावा लागतो, आणि बिल पास होईपर्यंत माणसं, प्रवास, हार्डवेअर सगळं तुमच्या खर्चाने. तरीही माझं मत विचाराल तर ग्रँटपेक्षा हीच जास्त कामाची, कारण सरकारी खात्यात तुमचं यंत्र चाललं याचं पत्र हातात आलं की पुढचा गिऱ्हाईक लवकर ऐकतो. फक्त चार-सहा महिन्यांचा पगार बाजूला असल्याशिवाय उडी मारू नका.

आम्हाला एका राज्य योजनेतून १२ लाख मिळालेत. केंद्राचा सीड फंड पण घेता येईल का?

२०२१ च्या स्टार्टअप इंडिया सीड फंडाच्या (सुरुवातीच्या भांडवलाची केंद्राची योजना) नियमात स्पष्ट लिहिलंय की आधी केंद्र किंवा राज्याच्या योजनेतून १० लाखांपेक्षा जास्त आर्थिक मदत घेतलेली नसावी. पण स्पर्धेतलं बक्षीस, स्वस्तात मिळालेली जागा, लॅबचा वापर, संस्थापकाचा महिन्याचा भत्ता हे त्यात मोजत नाहीत. तेव्हा तुमचे १२ लाख कशाचे आहेत ते मंजुरीपत्रात बघा, तिथला एक शब्द तुमचं सगळं ठरवणार आहे. लपवायच्या भानगडीत पडू नका.

ग्रँट मिळाली, आता युटिलायझेशन सर्टिफिकेट मागतायत. एवढं काय त्यात?

हा पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. मलाही असंच वाटलेलं. आमच्या पहिल्या ग्रँटमध्ये उपकरणांचे पैसे संपले होते, कच्च्या मालाच्या हेडमध्ये (मंजूर खर्चाच्या त्या सदरात) शिल्लक होती, म्हणून ३८ हजारांचा थ्रीडी प्रिंटर त्यातून घेतला आणि बिलावर 'प्रिंटिंग मटेरियल' लिहून घेतलं, आपण फार हुशार. ऑडिटरने पेन्सिलने त्या ओळीभोवती गोल केला आणि शेजारी लिहिलं 'अमान्य'. पुढचा हप्ता अडला आणि तो खर्च आम्हाला आमच्या खिशातून भरावा लागला. चूक आमचीच, हेड बदलायची परवानगी आधी ईमेलवर मागितली असती तर बहुधा मिळाली असती.

म्हणून ग्रँटला वेगळं बँक खातं काढा, बिलाच्या पाठीमागे हेड लिहून ठेवा, खात्यात व्याज पडलं तर ते आपलं समजू नका. इन्कम टॅक्सचंही सीएला आधीच विचारा, २०१५ च्या बदलापासून सरकारी अनुदान साधारणपणे उत्पन्नातच धरलं जातं, यंत्राच्या किमतीतून वजा होणारं असेल तर गोष्ट वेगळी.

मेडिकल डिव्हाइस आहे, पैशापेक्षा लॅब हवीय.

बरोबर विचार. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या, म्हणजे राज्याच्याच पैशातून २०१४ मध्ये आयआयटी मुंबईत बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र उभं राहिलं, पुण्याच्या सीओईपी आणि नागपूरच्या व्हीएनआयटीतही त्याची केंद्रं झाली. डॉक्टर आणि इंजिनिअर एकाच टेबलावर बसवणं हाच त्यांचा धंदा. पुण्यात असाल तर एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारातलं व्हेंचर सेंटर हे इनक्युबेटरही बघा.

एक कन्सल्टंट दहा टक्क्यांवर ग्रँट 'नक्की' मिळवून देतो म्हणतोय.

अर्ज लिहायला मदत करणारे चांगले लोक असतात, त्यांची ठरलेली फी द्यायला हरकत नाही. पण 'नक्की' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, हे दहा टक्के मी कुठल्या हेडमध्ये दाखवू?