जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेसाठी गावातून निधी कसा उभा करावा?

तुम्ही लिहिलंय की शाळेचा पट ६४ आहे, एका खोलीचं छत गळतं, तिसरी-चौथीची मुलं अजून बसकरपट्टीवरच बसतात, वाचायला पुस्तकं नाहीत आणि शाळा व्यवस्थापन समितीवर तुमची नुकतीच निवड झाली आहे. मी सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात बावीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होते, त्यातली शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका. स्वतः करून पाहिलं तेच सांगते.

आधी छताचं. त्यासाठी गावाकडून वर्गणी काढू नका. इमारत जिल्हा परिषदेची आहे, दुरुस्तीही त्यांनीच करायची. मुख्याध्यापकांकडून पंचायत समितीला प्रस्ताव जाऊ द्या, सोबत अभियंत्याचं अंदाजपत्रक, ग्रामसभेचा ठराव आणि ऐन पावसात काढलेले फोटो जोडा. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून शाळादुरुस्तीला पैसे मिळतात, पण यादीत नाव लागेपर्यंत कुणीतरी पाठीमागे लागावं लागतं. शिक्षकांना वर्ग सोडून हेलपाटे घालता येत नाहीत, ते तुम्ही घाला. गावानं एकदा पत्रे बदलून दिले की पुढच्या वेळीही सगळे गावाच्याच तोंडाकडे बघतात.

पाणी आणि स्वच्छतागृहाचंही तसंच. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे जे पैसे येतात त्यातला मोठा हिस्सा पाणी-स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो. गावाचा विकास आराखडा बनतो तेव्हा शाळेचं काम त्यात घालून घ्या. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचं अनुदान ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजारांपर्यंत, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. उरलेलं वीजबिल आणि किरकोळ खर्चातच संपतं, त्यावर बाकांचा हिशेब मांडू नका.

म्हणजे लोकांकडे मागायचं ते बाक आणि पुस्तकांसाठी. आम्ही याला शैक्षणिक उठाव म्हणतो. पहिल्या वर्षी मी फार चुकीच्या पद्धतीनं सुरुवात केली. दर मुलामागे १०० रुपये असं ठरवून पालकांना निरोप धाडले. दुसरीतल्या एका मुलीच्या आईनं शेजारणीकडून उसने आणून दिले, पोरीला वर्गात कमीपणा नको म्हणून. मला हे आठ दिवसांनी कळलं. ती बाई रोजगारावर जाणारी होती. मी पैसे परत केले, पण ते अजून मनातून जात नाही. कायद्यानंही हे बसत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये प्रवेशासाठी देणगी घ्यायला सरळ मनाई आहे. दर मुलामागे रक्कम ठरवली की आपण त्याच वाटेला लागतो. तेव्हा पालकांवर आकडा लादू नका. मनानं कुणी दिलं तर घ्या.

पैसे खरे येतात दोन ठिकाणांहून. एक म्हणजे गॅदरिंग. तुमच्याकडेही पोरं नाचायला लागली की लोक उठून बक्षिसं देतात, माईकवर नाव पुकारलं जातं. आमच्याकडे हे ११, २१ रुपयांवर चालायचं आणि पैसे त्या त्या नाचाला जायचे. आम्ही ठरवलं की बक्षीस शाळेला, आणि स्टेजच्या बाजूला नवा कोरा एक बाक आणून ठेवला, वर किंमत लिहिलेली चिठ्ठी. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी एवढंच सांगितलं की असे अठरा लागतात. त्या रात्री पाच बाकांचे पैसे जमले. ‘शाळेला मदत करा’ म्हटलं की माणूस खिशात हात घालून सुट्टे शोधतो. वस्तू डोळ्यांसमोर असली की दोन भाऊ बाजूला जाऊन आपसात बोलतात आणि येऊन म्हणतात, एक आमचा.

दुसरी जागा म्हणजे यात्रा. आमच्या भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर विखुरलेली आहेत, पण यात्रेला घरी येतात. त्यातले निम्मे याच शाळेत शिकलेले. यात्रा कमिटीशी आधीच बोलून एका सकाळी त्यांना शाळेत चहाला बोलावलं. भाषण ठेवलं नाही. त्यांच्या काळातले हजेरीपट काढून टेबलावर ठेवले, स्वतःची नावं शोधत तासभर बसले. बाकी सगळे बाक आणि एक पुस्तकांचं कपाट तिथेच ठरलं. तुमच्याकडचे लोक मुंबई-पुण्याला असतील, पण गावी कधी येतात ते तुम्हाला ठाऊक असणारच. फोनवर मागण्यापेक्षा तो दिवस गाठा.

देणगीदाराचं नाव बाकावर घालू नका, कितीही आग्रह झाला तरी. मुलानं रोज दुसऱ्याच्या उपकारावर बसल्यासारखं बसू नये. नावं व्हरांड्यातल्या एका फलकावर, सगळ्यांची सारख्याच अक्षरात, रक्कम न लिहिता.

हिशेबाबाबत मात्र कडक राहा. छापील पावतीपुस्तक, पैसे समितीच्या खात्यात, सह्या अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांच्या. एकदा गर्दीत ५०० रुपयांची पावती राहून गेली आणि ते घर वर्षभर शाळेकडे फिरकलं नाही. तेव्हापासून जमाखर्च कागदावर लिहून देवळाच्या भिंतीला लावायला लागलो.

जवळच्या पतसंस्थेला अर्ज द्या. सप्टेंबरअखेर त्यांची वार्षिक सभा असते, त्याआधी दिलात तर विचार होतो. मोठ्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी, एका ६४ पटाच्या शाळेपर्यंत क्वचितच पोचतो, त्यात पहिलं वर्ष घालवू नका. आणि बाल आनंद मेळाव्यात मुलांनी भेळ विकून मिळवलेले पैसे त्यांनाच राहू द्या. ते त्यांच्या गणिताचे आहेत, शाळेच्या फंडाचे नाहीत.

बाकांची ऑर्डर देण्याआधी ज्या वर्गासाठी बाक आहेत त्यातलं सगळ्यात लहान मूल नमुन्याच्या बाकावर बसवून बघा. आमची पहिली खेप उंच आली होती, मुलांचे पाय लोंबकळायचे, आणि वर्कशॉपवाल्याकडून दहाही बाकांचे पाय चार-चार इंच कापून आणावे लागले.