गाडीत डॅशकॅम बसवल्यापासून एफएमला खरखर येते, अँटेना बदलू का?

अजिबात बदलू नका. अँटेना कालपर्यंत चांगला होता आणि डॅशकॅम लावल्यावर लगेच खराब झाला असं होत नसतं. ॲक्सेसरीवाले हेच सांगतात कारण अँटेना त्यांच्या शेल्फवर असतो, दोष शोधायला मात्र अर्धा दिवस जातो आणि त्याचे पैसे कोणी देत नाही.

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण या विषयावर आमच्या घरात जुना वाद आहे. मी वाईचा, कामाला शिरवळ एमआयडीसीत, मेंटेनन्सला. सकाळी गाडीत ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या पुणे आकाशवाणीवर, म्हणजे मीडियम वेव्ह ७९२ किलोहर्ट्झवर ऐकायच्या ही माझी सवय. दाजींनी, म्हणजे बहिणीच्या मिस्टरांनी, त्यांच्या ओळखीच्या दुकानातून माझ्या गाडीला एलईडी हेडलाईट बल्ब बसवून दिले, हौसेनं दिले, त्याबद्दल काही म्हणणं नाही. बसवले उन्हाळ्यात. पावसाळा गेला, सगळं ठीक. थंडी पडली आणि बातम्यांच्या वेळेला असा घर्रर्र आवाज सुरू झाला की निवेदक काय बोलतोय तेच कळेना. दुपारी तीच गाडी, तेच स्टेशन, एकदम स्वच्छ.

दुकानदार म्हणाला धुक्यानं रेंज जाते. दाजी म्हणाले बरोबर आहे, खंबाटकीला धुकं असतंच. आता बोगद्यात आवाज जातो हे मान्य, पण मीडियम वेव्हच्या लहरीची लांबी पावणेचारशे मीटरच्या आसपास, तिला धुक्याच्या थेंबांचं काय घेणंदेणं? हे मी तेव्हाही सांगितलं, कोणी ऐकलं नाही. दुकानदारानं पुढे स्टिरिओ बदलायचा सल्ला दिला, तो पण त्याच्याकडेच मिळत होता.

मग रविवारी सकाळी अंगणात बोनेट उघडलं आणि घरातला सेलवरचा ट्रान्झिस्टर घेऊन बसलो. एएमवर दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावला, आवाज वाढवला. हेडलाईट बंद, नुसती हलकी सूं. पार्किंग लाईट लावले, काही नाही. हेडलाईट लावले की ट्रान्झिस्टर बोंबलायला लागला. बल्बच्या मागे वायरला लोंबणारी ती काडेपेटीएवढी ड्रायव्हरची डबी असते ना, तिच्याजवळ नेलं की जास्त, टायरकडे नेलं की कमी. उजवा कनेक्टर काढला, आवाज थोडा उतरला, डावाही काढला, शांत. म्हणजे हिवाळ्यात खरखर यायची कारण हिवाळ्यात त्या वेळेला दिवे लागलेले असायचे. धुक्याचा संबंध एवढाच की धुक्यात माणूस हेडलाईट लावतो.

कारण अगदी साधं आहे. हॅलोजनमध्ये नुसती तार तापते, त्यात इलेक्ट्रॉनिक काही नसतं. एलईडीला बॅटरीचा करंट थेट चालत नाही, म्हणून ती डबी करंटचे सेकंदाला लाखो वेळा तुकडे करते. त्याचा कचरा, म्हणजे रेडिओतली खरखर, त्या आकड्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींवरही पडतो. समजा १३२ किलोहर्ट्झनं, म्हणजे सेकंदाला एक लाख बत्तीस हजार तुकडे करत असेल तर त्याची सहावी पट बरोबर ७९२ वर येऊन बसते. चांगल्या मालात हा कचरा बाहेर जाऊ नये म्हणून तोंडाशी कॉइल आणि कपॅसिटर असतात, स्वस्तात पहिल्यांदा तेच गाळतात, आणि मग गाडीची सगळी वायरिंग त्या कचऱ्याचा अँटेना होते. कंपनीत व्हीएफडीची, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हची, केबल शील्डशिवाय टाकली की शेजारचे सेन्सर वेडे होतात, तोच प्रकार. फेराइट, म्हणजे वायरवरचा असा कचरा अडवणारी काळी चुंबकीय रिंग, तिच्यातून वायरचे वेढे काढून बघितले, आवाज कमी झाला पण गेला नाही. साधे ६०/५५ चे हॅलोजन परत लावले आणि बातम्या स्वच्छ. समोरच्याच्या डोळ्यात जाणारा झोतही थांबला, तो फायदा वेगळा. हॅलोजनसाठी केलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घालू नये हे माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्याकडे. डॅशकॅमचा चार्जर १२ व्होल्टचे ५ करतो, तुकडे पाडूनच करतो, आणि त्याची वायर काचेच्या कडेनं वर जाते, जिथे बऱ्याच गाड्यांचा अँटेना छतावर पुढेच असतो. इंजिन बंद ठेवून रेडिओ एखाद्या लांबच्या, कमजोर स्टेशनवर लावा. गावातलं जोरदार स्टेशन लावून काही कळणार नाही, एफएममध्ये जोरदार सिग्नल खरखर दाबून टाकतो, म्हणून लोकांना वाटतं गावाबाहेरच प्रॉब्लेम आहे. मग चार्जर सॉकेटमधून उपसून काढा, नुसता कॅमेरा बंद करून उपयोग नाही. खरखर गेली तर कॅमेरा पॉवर बँकवर चालवून बघा. तरीही शांत असेल तर दोषी चार्जर, बऱ्यापैकी कंपनीचा घ्या. पॉवर बँकवरही खरखर असेल तर बहुधा कॅमेराच, मग वायर अँटेनापासून लांब घ्या आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ क्लिपवाला फेराइट लावा, दोन वेढे बसले तर उत्तम. ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी असेल तर तो अर्थिंगचा वेगळा विषय आहे, त्याला फेराइट काही करणार नाही.

एक गोष्ट राहिली, डॅशकॅमची वायर टाकताना काचेच्या बाजूच्या खांबाचं कव्हर काढलं असेल आणि तुमच्या गाडीत अँटेनाची केबल तिथूनच खाली येत असेल तर तिचं कनेक्शन ढिलं झालेलं असू शकतं, तेवढं दाबून बघा. आणि तिथे पडद्याची (बाजूच्या काचेवर उघडणारी) एअरबॅग असेल तर वायर तिच्या पुढून गेलेली नाही ना ते आधी बघा, रेडिओ नंतर.

दाजी अजून म्हणतात की रेडिओ आता ऐकतं कोण. मी ऐकतो, माझी आई ऐकते, आणि दाजी, रिमोट चावी ४३३ मेगाहर्ट्झवर चालते, डॅशकॅममधला जीपीएस १५७५ वर, सगळा रेडिओच आहे. तुमच्या गाडीची चावी अगदी दाराजवळ गेल्याशिवाय लागत नाही, त्याचं कारण तुम्ही बॅटरीवर ढकलताय. सेल नवा घालून झालाय, आता तो सीटखालचा स्वस्त चार्जर एकदा काढून बघा. गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी एआयएस-००४ या मानकाप्रमाणे असा रेडिओचा कचरा किती बाहेर पडतो याची तपासणी होते, आपल्या पुण्यातच एआरएआय या वाहन तपासणी संस्थेत ती करतात, पण ती कंपनीच्या मालासकट, बाजारातून आणून जोडलेल्या डबीसकट नव्हे.

आणि प्रश्न विचारणाऱ्यांनी दुकानात जाताना एवढंच करायचं, काम सुरू व्हायच्या आधी रेडिओ कमजोर स्टेशनवर लावून त्याला ऐकवायचा, काम झाल्यावर परत ऐकवायचा, मगच पैसे द्यायचे.