लुणी नदी समुद्राला का मिळत नाही?

थोडक्यात, वाटेतच तिचं पाणी संपतं म्हणून. लुणी अजमेरजवळ अरवलीत उगम पावते, नैऋत्येकडे थर वाळवंटाच्या कडेनं सुमारे 495 किलोमीटर जाते आणि कच्छच्या रणात दलदलीत विरून जाते. पाणी असतं ते पावसाळ्यात. पात्र रुंद नि उथळ, त्यामुळे काही वाळूत मुरतं, काही उन्हानं उडतं. एरवी नुसती कोरडी रेती.

खरी गंमत चवीची. राजस्थानातल्या बालोतरापर्यंत पाणी गोड, पुढे खारट होत जातं, कारण तिथली जमीनच क्षारांची. नावही 'लवण'वरूनच आलेलं. आमच्या गोव्यातल्या मांडवी नदीतही खारं पाणी शिरतं, पण ते भरतीबरोबर समुद्रातून. लुणीला समुद्र दिसतही नाही, तरी ती खारी!

गोव्यातच साखळी गावात आमच्या दारावरून जी नदी वाहते तिचं नाव वाळवंटी, पण वाळवंटाशी तिचा काही संबंध नाही. ती सह्याद्रीच्या पावसावर पोसलेली. लुणीचा बराचसा भरणा मात्र अरवलीतून येणाऱ्या सुकडी, बांडी, जवाई अशा उपनद्यांवर. तिकडे जोराचा पाऊस झाला की हीच कोरडी नदी एका रात्रीत गावं बुडवते.